पॅड बदलले आणि बेस गेला: हेडफोनचे बदली पॅड निवडताना काय तपासावं

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. पॅडचे पोपडे निघायला लागतात, मानेवर आणि कॉलरवर काळा भुगा पडतो, म्हणून माणूस ऑनलाइन शोधतो आणि आपल्या मॉडेलचं नाव लिहिलेले पाचशे रुपयांचे पॅड मागवतो. ते बसतातही. मूळ पॅडपेक्षा गुबगुबीत दिसतात, कानाला मऊ लागतात. मग ओळखीचं गाणं लावलं की डग्ग्याचा घुमारा सापडत नाही, गायिकेचा ‘स’ आणि ‘श’ टोचायला लागतो, आणि सगळा आवाज जरा लांब गेलेला वाटतो. त्यावर सल्ले दोन मिळतात: ड्रायव्हर, म्हणजे कपातला आवाज काढणारा भाग, गेला असेल, नाहीतर नवे पॅड पन्नास तास वाजू द्या.

ड्रायव्हर नेमका पॅड बदलल्याच्या दिवशी जाण्याचा योग फार विरळा. आणि गाणी वाजवून पॅड रुळत नाहीत. ते रुळतात डोक्याच्या दाबाने आणि अंगाच्या उबेने, तेही थोडेसेच. खरं कारण यापेक्षा साधं असतं. कानाला ऐकू येणारा आवाज ड्रायव्हर आणि पॅड मिळून घडवतात, आणि त्यातला एक भागीदार तुम्ही बदललेला असतो. म्हणून पॅड निवडताना मऊपणा, रंग आणि किंमत नंतर. आधी तीन गोष्टी, आणि त्याही याच क्रमाने: हवा किती गळते, कान ड्रायव्हरपासून किती अंतरावर जातो, आणि पॅडच्या आतल्या भिंतीला काय लावलंय.

पॅड घेऊन झाले असतील आणि आवाज बिघडला असेल, तर नवी जोडी मागवण्याआधी निदान करून घ्या. पैसे वाचण्याची बरीच शक्यता आहे.

दाबून बघा, मग अदलाबदल करा

फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या. आवाज मध्यम ठेवून ५० हर्ट्झचा सूर लावा, हेडफोन घाला आणि दोन्ही कप तळहातांनी हलकेच आत दाबा. दाबल्यावर सूर भरून आला आणि हात काढताच ओसरला, तर पॅड गळतोय. दाबूनही फारसा फरक पडला नाही, तर गळती हा प्रश्न नाही. पॅडची खोली किंवा कापड बघायला हवं. ही परीक्षा क्लोज्ड-बॅक, म्हणजे कप बाहेरून बंद असलेल्या हेडफोनची. ओपन-बॅक, म्हणजे कपाला बाहेरून जाळी असलेला हेडफोन दाबला की कान ड्रायव्हरजवळ सरकतो आणि आवाज तसाही बदलतो, त्यामुळे तिथे या परीक्षेवर विसंबू नका.

चष्मा असेल तर तो काढून हाच सूर पुन्हा ऐका. काडी पॅडखालून जाते तिथे तिच्या वरखाली दोन बारीक फटी राहतात. जुना पॅड वर्षानुवर्षं दबून काडीच्या आकाराला सरावलेला होता, नव्याचा स्पंज ताठ आहे, म्हणून ‘आधी याच चष्म्यावर बेस यायचा’ ही तक्रार खरी असू शकते. अशा वेळी मेमरी फोमचा पॅड बरा पडतो, पण त्याला एक-दोन मिनिटं द्यावी लागतात. हा फोम उबेने मऊ होतो. एसीच्या थंड खोलीत पहिल्या क्षणी तो कडकच लागणार आणि पहिलं अर्धं गाणं पातळ वाटणार.

बिघाड एकाच कानात असेल तर फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये जाऊन मोनो ऑडिओ (दोन्ही कानांत एकच आवाज) चालू करा आणि तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावा. सूर डोक्याच्या बरोबर मध्ये बसला पाहिजे. तो एका बाजूला ओढला जात असेल तर डावा पॅड उजव्या कपावर आणि उजवा डाव्यावर चढवा. ओढ बाजू बदलून गेली तर दोष पॅडचा किंवा तो बसवण्याचा. ओढ जागच्या जागी राहिली तर केबल, जॅक, ड्रायव्हर यांकडे वळा. पॅड बिचारे निर्दोष आहेत.

आता सर्वांत जास्त वेळा सापडणारी गोष्ट, जी जवळपास कोणीच बघत नाही. बऱ्याच हेडफोनमध्ये पॅड आणि ड्रायव्हर यांच्या मध्ये स्पंजाची एक पातळ चकती असते. सेनहायझर एचडी ६०० आणि ६५० मध्ये ती काळी आणि अगदी नाजूक असते, काही वर्षांत हात लावताच भुगा होते. बायरडायनॅमिकच्या डीटी मालिकेतही पॅड काढल्यावर अशी चकती दिसते. केस आणि धूळ आत जाऊ न देणं हे तिचं एक काम. दुसरं काम, वरच्या पट्टीचा आवाज किंचित शोषून घेणं. जुना पॅड काढताना ती त्याला चिकटून निघते आणि कचऱ्यात जाते. मग ट्रेबल टोचतो आणि दोष नव्या पॅडला लागतो. उलटही घडतं: स्वस्त पॅडच्या भोकावर स्वतःचं जाडसर कापड शिवलेलं असतं, खाली मूळ चकती आहेच, आणि दोन पडद्यांमागून आवाज मंद होऊन येतो. म्हणून जुना पॅड टाकण्याआधी तो उलटा करून बघा. त्याला काय काय चिकटलंय, भोकावर जाळी होती की मोकळं होतं, ते नीट पाहून फोटो काढून ठेवा.

पॅड आवाजात नेमकं काय करतो

इथे जरा थांबू, कारण हे कळलं की जाहिरातीतली निम्मी विशेषणं आपोआप गळून पडतात.

खालचे सूर आणि वरचे सूर पॅडकडून वेगवेगळ्या गोष्टी मागतात. ५० हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी जवळपास सात मीटर. इतक्या लांब तरंगाला पॅड गोल आहे की लंबगोल, आतून मखमली आहे की गुळगुळीत, याने काही फरक पडत नाही. त्याला फक्त दोन गोष्टी कळतात: कान आणि ड्रायव्हर यांच्यामधली हवेची पोकळी केवढी आहे, आणि ती कुठून गळते का. ड्रायव्हरचा पडदा पुढे सरकला की त्या पोकळीतली हवा दाबली जाते आणि तो दाब म्हणजेच तुमचा बेस. फट असेल तर हवा दाबली जाण्याआधीच बाहेर सटकते. सूर जितका खालचा, तितका तिला सटकायला वेळ जास्त मिळतो, म्हणून गळतीचा मार आधी सर्वांत खालच्या सुरांवर बसतो.

पोकळी मोठी केली तरी दाब कमी होतो. सोप्या हिशेबात, पोकळी दीडपट केली तर पडद्याच्या तेवढ्याच हालचालीत बेस साधारण साडेतीन डेसिबलने उतरतो. वरचे सूर या प्रमाणात उतरत नाहीत, म्हणून कानाला ‘ट्रेबल वाढला’ असं वाटतं. वाढलेलं काहीच नसतं, खालचा आधार कमी झालेला असतो. गुबगुबीत, खोल पॅड लावल्यावर होणारी मुख्य तक्रार हीच. त्या पॅडमध्ये कान मोकळा बसतो, गरम कमी होतो, आवाज जरा पसरट वाटतो, हे सगळं खरं. पण त्याची किंमत बेसमध्ये चुकवावी लागते, आणि ती चुकवायची की नाही हे पॅड मागवण्याआधी ठरवायचं असतं.

वरच्या पट्टीत सगळं उलटं होतं. चार किलोहर्ट्झला तरंगलांबी साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास, आठ किलोहर्ट्झला सव्वाचार. पॅडच्या आतली पोकळी याच मापाची असते. म्हणजे आता भिंतीचा आकार, तिचं अंतर, तिच्यावरचं कापड, कान आणि ड्रायव्हरमधला कोन, सगळंच महत्त्वाचं होऊन बसतं. गुळगुळीत रेक्झिनची भिंत आवाज परत फेकते, सच्छिद्र कापड थोडा गिळते. ‘स’ आणि ‘श’ची धार याच पट्ट्यात असते. म्हणून दोन पॅड फुटपट्टीने सारखे भरले तरी एकात गायक शांत वाटतो आणि दुसऱ्यात फणकारतो.

यातून निवडीचा एक सरळ नियम निघतो. हेडफोनचा आवाज आवडत असेल तर मूळ पॅडच्या शक्य तितकं जवळ राहा: तीच खोली, तेच भोक, तसंच कापड. आवाज आवडत नसेल, तर कुठल्या बाजूने बदल हवा ते आधी ठरवा आणि त्या बाजूचा पॅड घ्या. ‘जरा चांगला पॅड’ असं काही नसतं.

माझं मत विचाराल तर पहिली बदली नेहमी कंपनीच्या मूळ पॅडची असावी, तो महाग वाटला तरी. जुना पॅड दोन-तीन वर्षांत दबत गेला तेव्हा आवाजही हळूहळू सरकत गेला होता, आणि कान त्या सरकलेल्या आवाजाला सरावले होते. मूळ नवा पॅड लावल्याशिवाय हेडफोन मुळात कसा वाजतो हे कळत नाही. बाहेरचे पॅड आजमावायचे तर त्यानंतर, म्हणजे तुलना कशाशी करायची ते तरी ठाऊक असेल.

माप कशाचं घ्यायचं

लोक जुना पॅड मोजतात. तो तर ताणलेला आणि दबलेला असतो. माप कपाचं घ्या, म्हणजे ज्या कडेवर किंवा खाचेत पॅडची मागची पातळ झालर अडकते तिचं. व्हर्नियर असेल तर उत्तम, नसेल तर कागदाची पट्टी कडेभोवती गुंडाळून परीघ काढा. रेक्झिनची झालर दोन-चार मिलिमीटर ताणून बसते, तेवढं चालतं. पॅड मोठा असला तर मात्र तो घ्यायचाच नाही. सैल झालर मागून गळते, आणि ती गळती पुढून दिसत नाही.

त्यानंतर आतलं भोक. प्रौढ माणसाचा कान साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटर उंच असतो, काहींचा त्याहून मोठा. भोक त्यापेक्षा लहान असेल तर पॅड कानावर टेकतो आणि तासाभरात पाळी दुखते. भोक मोठं असेल तर पॅडची बैठक जबड्याच्या खोबणीवर जाते, आणि कानाखालची ती खोबण ही गळतीची आवडती जागा आहे. पॅड लावून आरशात बघण्यापेक्षा कानाच्या खाली, मागच्या बाजूला बोट फिरवून पाहा. बोटाला फट लागली तर बेसलाही लागणार.

पॅडच्या खोलीबाबत फसवणूक सर्वांत जास्त होते. विक्रेता जी जाडी लिहितो ती न दाबलेल्या पॅडची. तुमच्या हेडफोनचा दाब जास्त असेल तर २५ मिलिमीटरचा मऊ पॅड डोक्यावर पंधराचा होतो, आणि २० मिलिमीटरचा ताठ पॅड अठरावर टिकतो. कागदावर पहिला खोल, कानावर दुसरा. त्यामुळे फोम किती ताठ आहे हे जाडीइतकंच महत्त्वाचं, आणि नेमकं तेच कोणी लिहीत नाही. परतीची सोय आहे का ते बघून मागवणं हाच त्यावरचा व्यवहारी उपाय.

काही ठरावीक हेडफोन

सोनीचा एमडीआर-व्ही६ १९८५ चा, त्याचा भाऊ एमडीआर-७५०६ १९९१ चा. दोघांचे पॅड पातळ रेक्झिनचे आणि उथळ, कान आतल्या कापडाला टेकतो. पोपडे काढण्यात हे पॅड प्रसिद्धच आहेत. यांवर बायरडायनॅमिकच्या डीटी २५० चे मखमली पॅड चढवण्याची जुनी पद्धत आहे आणि ते चांगले बसतात. उकाड्यात फार आराम मिळतो. पण मखमल श्वास घेते म्हणजेच गळते, त्यामुळे बेस थोडा सैल होतो. नुसतं ऐकायचं असेल तर खुशाल लावा. या हेडफोनवर एडिटिंग करत असाल तर माझ्या मते मूळ पॅडच बरे. त्याच आवाजाच्या सवयीवर तुमचे निर्णय उभे असतात.

ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स साठी कंपनीचे स्वतःचे बदली पॅड मिळतात. लोक मात्र ब्रेनवेव्ह्झच्या एचएम५ पॅडकडे धावतात. मूळ एचएम५ हेडफोन आता फारसा कोणाला आठवत नाही, पण त्याचे मोठे, खोल, लंबगोल पॅड असंख्य मॉडेलांवर बसतात म्हणून ते टिकून राहिले. एम५०एक्स वर ते लावले की कानाला जागा मिळते आणि बेसचा ठोसा सौम्य होतो. ज्यांना मूळ आवाजच जास्त ठोसेबाज वाटत होता त्यांना हा बदल आवडतो. ज्यांनी त्या ठोशासाठीच एम५०एक्स घेतला, ते इथे वर वर्णन केलेली तक्रार घेऊन येतात.

बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हे या विषयातलं सर्वांत बोलकं उदाहरण. ८० आणि २५० ओहमच्या (ओहम म्हणजे विद्युत रोधाचं माप) आवृत्तीवर करडे मखमली पॅड येतात, ३२ ओहमच्या आवृत्तीवर काळे रेक्झिनचे. म्हणजे क्लोज्ड-बॅक असूनही कंपनीने मखमलीची गळती हिशेबात धरून तो जुळवलेला आहे. ८० ओहमवाल्यावर रेक्झिनचे पॅड लावले की गळती थांबते आणि बेस फुगतो; मुळातच भरपूर असलेला बेस काही गाण्यांत नकोसा होतो. दुसरी गफलत म्हणजे डीटी ७७० आणि ओपन-बॅक डीटी ९९० चे मखमली पॅड बाहेरून सारखेच दिसतात आणि एकमेकांवर बसतातही, पण कंपनी ते वेगवेगळ्या क्रमांकांनी विकते. मागवताना ७७० चे की ९९० चे हे पाहून घ्या.

सेनहायझरच्या एचडी ६००, ६५० आणि त्या घराण्यातल्या बाकीच्यांचे पॅड एकमेकांना चालतात. प्लास्टिकच्या कड्यावर खिट्या आहेत, कडेला धरून ओढलं की निघतात, दाबलं की टक् आवाज करून बसतात. सगळीकडे टक् आवाज आला का ते बोटांनी दाबत पूर्ण फिरून तपासा. एक खिटी राहिली तरी दोन बाजू वेगळ्या वाजतात. हे पॅड दबून सपाट झाले की कान पडद्याच्या जवळ जातो आणि आवाजाचा तोल बदलतो. म्हणून फाटले नाहीत तरी ते बदलावे लागतात. याच्यावर रेक्झिनचे किंवा चामड्याचे पॅड लावून बेस वाढवायचा मोह अनेकांना होतो. वाढतोही. पण ज्या मधल्या पट्टीसाठी हा हेडफोन घेतला तीच गढूळ होते. इथे मी मूळ मखमलीच्या पलीकडे जाणार नाही.

प्लेनर जातीचे, म्हणजे सपाट पातळ पडद्याचे हेडफोन, उदाहरणार्थ हायफायमॅनचा सुंदरा किंवा फॉस्टेक्सचा टी५०आरपी, पॅडच्या बाबतीत सर्वांत हळवे. टी५०आरपी घरी बदलत बसणाऱ्यांचा एक पंथच आहे आणि त्यांचं निम्मं काम पॅडवरच चालतं. यात एक सावधगिरी हवी: पूर्ण हवाबंद पॅड लावल्यावर कप डोक्यावर झटक्यात दाबू किंवा ओढू नका. आतल्या हवेच्या दाबाने पातळ पडदा ताणला जातो. दाबून बघण्याची वरची परीक्षा इथे करायचीच असेल तर अगदी हळू.

ग्रॅडो आणि कॉस पोर्टा प्रो यांचं सगळं स्पंजावर चालतं, त्यामुळे पोपड्यांचा त्रास नाही, चुरा होण्याचा आहे. ग्रॅडोचे सपाट आणि वाटीच्या आकाराचे पॅड हे जवळपास दोन वेगळे हेडफोन आहेत: सपाट लावला की कान जवळ येतो, बेस वाढतो, ट्रेबल शांत होतो. १९६८ च्या सेनहायझर एचडी ४१४ चे पिवळे स्पंज मधोमध गोल कापून ग्रॅडोवर लावण्याची करामतही लोक करतात. दिसायला विचित्र, पण स्वस्तात होणारा प्रयोग आहे.

काही हेडफोनचे पॅड निघतच नाहीत. फिलिप्सचा एसएचपी९५०० किंवा जुना फिडेलिओ एक्स१ त्यातले. फिडेलिओ एक्स२ पासून मात्र ते काढता येतात. सेकंडहँड घेताना पॅडची अवस्था विचारण्याआधी ते निघतात का हे विचारा.

नॉइज कॅन्सलिंगवाल्या, म्हणजे बाहेरचा गोंगाट दाबणाऱ्या हेडफोनसाठी एकच गोष्ट: त्यांचा कपाच्या आतला माइक पॅडच्या पोकळीतला आवाज ऐकून काम करतो. पॅड बदलला की कॅन्सलिंगही बदलतं, आणि भोकावरचं कापड वेगळं असेल तर कान ओळखणारा सेन्सरही गोंधळतो. तिथे मूळ पॅडच घ्या.

पोपडे का निघतात, आणि आपल्या हवेत काय टिकतं

रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर. ‘प्रोटीन लेदर’ हे त्याचंच जरा ठेवणीतलं नाव. यातल्या स्वस्त जातीची रासायनिक साखळी पाण्याने तुटते. हवेतली वाफ पुरते, घाम आणि केसांचं तेल भर घालतं, उष्णता वेग वाढवते. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई, रत्नागिरी, पणजीत हवेतली आर्द्रता बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. तिथे हेडफोन वापरला नाही, खोक्यात ठेवला, तरी पॅड मरतो. कोकणात आणि गोव्यात ‘नवाकोरा ठेवला होता, काढला तर चिकट झाला होता’ असं ऐकू येतं ते यामुळेच. थर एकदा तुटू लागला की चामड्याचं क्रीम, खोबरेल, व्हॅसलिन, कशानेही तो सांधत नाही. मुळात ते चामडं नाही. फेव्हिक्विकचा तर विचारही करू नका.

खरं मेंढीचं चामडं जास्त टिकतं आणि हवाही छान धरतं, पण पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. बाहेर काढून पुसून वापरत राहिलं तरच ते शोभतं. मखमलीला पोपड्यांची भीती नाही, मात्र कोंडा, घाम आणि मांजराचे केस यांचं ते माहेरघर. दोन-तीन महिन्यांनी पॅड काढून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत पूर्ण वाळवा. ओलसर पॅड चढवलात तर आतली दमट हवा ड्रायव्हरला भोगावी लागते. रेक्झिनला ओलं फडकं, लगेच कोरडं फडकं, बस. स्पिरिट, सॅनिटायझर नको.

संकरित प्रकारही मिळतो: गालाला टेकणारा भाग कापडी, बाजूच्या भिंती रेक्झिनच्या. क्लोज्ड-बॅकसाठी किनारपट्टीवर मला हा मध्यममार्ग आवडतो. गळती मखमलीपेक्षा कमी, घाम रेक्झिनपेक्षा कमी, आणि सर्वांत आधी सोलणारा भागच कापडाचा. ओपन-बॅकसाठी सरळ मखमल.

बसवताना

जुन्या पॅडचा भुगा ड्रायव्हरच्या जाळीवर पडलेला असतो. तो मऊ ब्रशने, कप उलटा धरून झटका, नाहीतर चिकटपट्टीने हलकेच टिपून घ्या. व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, तोंडाने जोरात फुंकूही नका. पडदा फार पातळ असतो.

झालरवाला पॅड चढवायला सुरुवात खालच्या टोकापासून करा. झालर खाचेत अडकवून अंगठ्याने धरून ठेवा आणि जुनं एटीएम कार्ड किंवा आइस्क्रीमची लाकडी काडी घेऊन उरलेली झालर हळूहळू आत सरकवत पुढे जा. स्क्रू-ड्रायव्हर घेतलात तर झालर फाटणार. बसल्यावर पॅड गोल फिरवून सुरकुत्या काढा. एखाद्या जागी झालर दुमडून बाहेर राहिली की तिथून गळती सुरू, आणि एकाच बाजूचा बेस कमी येण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे. पॅड एका बाजूला जाड असेल तर जाड बाजू कानाच्या मागे. शिवण खाली किंवा मागे ठेवा, पुढे ठेवली तर चष्म्याच्या काडीबरोबर तिथेही फट पडते.

झालं की ५० हर्ट्झची परीक्षा पुन्हा घ्या. मग मोनोतला तानपुरा. मग तुमचं रोजचं गाणं, पण जुन्या आणि नव्या पॅडची तुलना करायची तर आवाजाची पातळी जुळवून. जरासा मोठा आवाज प्रत्येकाला चांगलाच वाटतो.

गळती नाही, चकती जागेवर आहे, तरीही तोल पटत नसेल, तर इक्वलायझर, म्हणजे खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमीजास्त करणारी सोय, वापरायला लाजू नका. विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट मिळतो. खोल पॅडमुळे उतरलेला बेस दोन-तीन डेसिबल वर घेणं अगदी रास्त आहे. त्यातली प्रीअ‍ॅम्पची, म्हणजे एकूण आवाजाची, पातळी तेवढीच खाली घ्या म्हणजे आवाज फाटणार नाही. पण गळका पॅड इक्वलायझरने सुधारत नाही. फटीतून पळणारा बेस वाढवत गेलात तर पडदा नुसता जास्त हलतो आणि घरघरतो, शिवाय मान हलवली की बेसही हलतो. नेटवर तुमच्या मॉडेलसाठी तयार मिळणारी सेटिंग्ज बहुधा मूळ पॅडवर मोजून केलेली असतात. बाहेरचे पॅड लावले असतील तर ती जशीच्या तशी वापरू नका.

सवलत आहे म्हणून रेक्झिनच्या चार जोड्या एकदम घेऊन ठेवण्यात अर्थ नाही, त्या पाकिटातच म्हाताऱ्या होतात. मखमलीची एक जास्तीची जोडी खुशाल ठेवा, धुतलेली वाळेपर्यंत वापरायला कामी येते. रेक्झिनचे पॅड दर पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात, बोटाने ताणून बघा: शिवणीजवळ केसासारख्या बारीक रेघा दिसल्या की नवी जोडी मागवायची वेळ झाली.